अमेरिकेतील चिनी लाँड्री : एका धंद्याचा, कुटुंबाचा आणि नावांचा इतिहास

एखादा समाज आणि एखादा धंदा यांची सांगड भाषेत एकदा पक्की बसली, की ती सांगड निसर्गसिद्ध आहे असे वाटू लागते. मराठी वाचकास या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. गावगाड्यातील 'परीट' या एका शब्दात काम, जात आणि बलुत्याचा हक्क या तिन्ही गोष्टी सामावलेल्या होत्या, आणि त्यांतील एक उच्चारली की उरलेल्या दोन आपोआप सूचित होत. अमेरिकेतील इंग्रजीत 'चायनीज लाँड्री' हा जोडशब्द सुमारे शंभर वर्षे अशाच सामर्थ्याने वावरला. व्याकरणदृष्ट्या त्यातील पहिले पद हे दुसऱ्याचे साधे विशेषण होय. परंतु लोकव्यवहारात त्याचा अर्थ उलटा होऊन बसला. लाँड्री चिनी माणसाची असते एवढ्यावर न थांबता, चिनी माणूस म्हणजे कपडे धुणारा, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

हे समीकरण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. न्यूयॉर्कमधील ली च्यू या चिनी व्यावसायिकाचे आत्मनिवेदन १९०३ साली 'इंडिपेंडंट' या अमेरिकन साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. चिनी माणूस हा धंदा चीनमध्ये शिकत नाही, तेथे अशा लाँड्र्याच नाहीत, धुण्याचे काम तेथे बायका करतात आणि अमेरिकेतील चिनी लोकांना ते प्रथम अमेरिकन स्त्रियांनीच शिकविले, असे त्याने त्यात स्पष्टपणे नमूद केले आहे. तेव्हा जो धंदा मूळ देशातून बरोबर आणलेला नव्हता, तो एका पिढीच्या आत एका समाजाचा 'जातिधंदा' कसा बनला, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार धंद्याची उत्पत्ती, कायद्याचे बंधन, कुटुंबाची रचना आणि नावांचा व्यवहार या चार अंगांनी केला आहे.

१. धंद्याची उत्पत्ती

कॅलिफोर्नियात १८४८ च्या जानेवारीत सोने सापडले आणि पुढील वर्षापासून जगाच्या निरनिराळ्या भागांतून माणसांचा लोंढा तिकडे वाहू लागला. हा लोंढा जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचा होता. धुणे हे बायकांचे काम अशी त्या पुरुषांची समजूत होती, आणि बायका तर तेथे अत्यल्प होत्या. परिणामी कपडे धुण्याची मजुरी इतकी चढली, की सदरे होनोलुलु किंवा हाँगकाँग येथे धुण्यासाठी पाठविले जात, असे त्या काळाविषयी नेहमी सांगितले जाते. चिनी मालकीच्या पहिल्या लाँड्र्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १८५० नंतरच्या दोनतीन वर्षांत निघाल्या, त्या या पार्श्वभूमीवर.

आरंभी गेलेल्या चिनी माणसांना मात्र लाँड्रीची ओढ नव्हती. त्यांतील बहुसंख्य लोक दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांताचे, आणि त्यातही 'से याप' म्हणजे 'चार परगणे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील होते. तैशान, काइपिंग, शिनह्वी आणि एनपिंग हे ते चार परगणे. त्यांच्या बोलीत अमेरिकेस 'गाम सान', म्हणजे सोन्याचा डोंगर, असे नाव होते. डोंगराकडे गेलेल्या माणसाने सोने शोधावे हे ओघानेच आले. परंतु १८५२ मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर दरमहा कर बसविला आणि त्याचा मुख्य भार चिनी लोकांवर पडला. पुढे रेल्वेच्या बांधकामावर हजारो चिनी मजूर लागले; तो मार्ग १८६९ मध्ये पुरा झाला आणि ते काम संपले. कारखान्यांमध्ये गोऱ्या कामगारांचा विरोध वाढत गेला. एकेक दरवाजा असा बंद होत गेल्यावर जे दोनचार उघडे राहिले, त्यांत लाँड्री हा एक होता.

तो उघडा राहण्याची कारणे उघड आहेत. गोऱ्या पुरुषांस ते काम कमीपणाचे वाटे, म्हणून स्पर्धा कमी होती. भांडवल थोडे लागे : चूल, इस्त्र्या, खळ, पाण्याची सोय आणि रस्त्याच्या बाजूची एक खोली. इंग्रजीची दहापाच वाक्ये आली तरी व्यवहार भागे. पैसे उभे करण्यासाठी एकाच कुळातील वा गावातील माणसे 'हुई' नावाची फिरती मंडळी चालवीत. प्रत्येकाने ठरलेली रक्कम भरावयाची आणि जमलेली गंगाजळी आळीपाळीने एकेकाने उचलावयाची, ही तिची पद्धत आपल्याकडील भिशीहून फारशी वेगळी नव्हती.

पूर्वेकडील राज्यांत हा धंदा पसरण्यास आणखी एक निमित्त झाले. १८७० मध्ये न्यू जर्सीतील बेलव्हिल येथील पॅसेइक स्टीम लाँड्रीच्या मालकाने कॅलिफोर्नियाहून चिनी कामगार आणविले. त्या परिसरातून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या इतर माणसांतून न्यूयॉर्कच्या चिनी लाँड्र्या वाढीस लागल्या. मध्य-पश्चिमेत शिकागोची पहिली चिनी लाँड्रीही याच दशकाच्या आरंभीची. १९२० च्या सुमारास अमेरिकेत कामधंदा करणाऱ्या चिनी लोकांपैकी जवळजवळ तीस टक्के लोक लाँड्रीच्या कामात होते. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांच्यात हा धंदा नव्हता, त्यांच्यापैकी दर तिघाचौघांत एक जण आता तोच करीत होता.

२. कायद्याचे बंधन

बाजाराने हा धंदा चिनी माणसाच्या पदरात टाकला खरा. पण तो तेथेही सुखाने करता येईना. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरसंस्थेने १८७० नंतरच्या दशकात लाँड्र्यांवर परवाना-शुल्क बसविले. जो घोडागाडीतून कपडे पोहोचवी त्याला ते अगदी थोडे होते, आणि ज्याच्यापाशी घोडाच नव्हता त्याला मात्र तिमाहीस पंधरा डॉलर. खांद्यावरच्या कावडीतून कपडे नेणारे कोण होते हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे नियमात 'चिनी' हा शब्द घालण्याची गरज पडली नाही. १८७७ च्या जुलैमध्ये त्याच शहरात दंगल उसळली, तेव्हा जमावाच्या रोषाचे पहिले लक्ष्य चिनी लाँड्र्याच ठरल्या.

१८८० मध्ये नगर-पर्यवेक्षक मंडळाने नियम केला, की लाकडी इमारतीत लाँड्री चालवावयाची असेल तर मंडळाची संमती घ्यावी. वरकरणी हा आगीपासून बचावाचा नियम होता. शहरात त्या वेळी सुमारे ३२० लाँड्र्या होत्या. त्यांपैकी सुमारे २४० चिनी लोकांच्या होत्या, आणि एकूण ३२० पैकी सुमारे ३१० लाकडी इमारतींत होत्या. संमतीसाठी अर्ज केलेल्या सुमारे २०० चिनी लोकांपैकी एकासही ती मिळाली नाही. चिनी नसलेल्या सुमारे ८० जणांना मात्र, एकाचा अपवाद वगळता, ती मिळाली. बावीस वर्षे एकाच इमारतीत लाँड्री चालविणाऱ्या एका चिनी मालकास विनापरवाना धंदा केल्याबद्दल दहा डॉलर दंड झाला. दंड न भरल्यामुळे तो तुरुंगात गेला आणि त्याने न्यायालयात दाद मागितली. या लढ्यामागे 'तुंग हिंग ताँग' या चिनी लाँड्रीवाल्यांच्या संघाचे बळ होते.

'यिक वो विरुद्ध हॉपकिन्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १० मे १८८६ रोजी दिला. न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या या एकमुखी निवाड्याचे सार असे, की कायद्याचे शब्द कितीही निःपक्षपाती असले, तरी त्याची अंमलबजावणी एका समाजाविरुद्ध विषम रीतीने होत असेल तर ती समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग करते, आणि हे संरक्षण नागरिक नसलेल्या रहिवाशासही लागू आहे. या तत्त्वाची व्याप्ती अमेरिकेपुरती राहिली नाही. १९५२ मध्ये 'पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार' या खटल्यात भारतीय संविधानाच्या १४ व्या कलमाचा अर्थ लावताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हा निवाडा चर्चेस आला. एका लाँड्रीच्या परवान्याचा प्रश्न असा दोन देशांच्या समतेच्या मीमांसेत जाऊन बसला आहे.

तथापि या विजयाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, रात्री दहा ते सकाळी सहा लाँड्री चालविण्यास बंदी करणारा त्याच शहराचा नियम त्याच न्यायालयाने वैध ठरविला होता. १९१२ मध्ये माँटॅना राज्याचा हातलाँड्रीवरील कर, जो वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या लाँड्रीस आणि छोट्या प्रमाणावर धुणे करणाऱ्या स्त्रियांस माफ होता, तोही वैध ठरला. न्यायालयाने लाँड्री उघडण्याचा हक्क राखला. परंतु लाँड्रीखेरीज दुसरे काही करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे न्यायालयाच्या हाती नव्हते.

३. कुटुंबाविना कुटुंबाचा धंदा

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांस अमेरिकेत येण्याची बंदी झाली. व्यापारी, विद्यार्थी इत्यादी काही वर्गांस तीतून सूट होती. साहजिकच लाँड्रीचा मालक हा व्यापारी की मजूर, या प्रश्नास मोठे महत्त्व आले. १८९३ च्या दुरुस्तीने त्याचे उत्तर दिले : लाँड्रीवाला हा मजूर होय. दुकान स्वतःचे, भांडवल स्वतःचे, गल्ला स्वतःचा. पण कायद्याच्या परिभाषेत तो मजूरच. व्याख्येतील या एका शब्दाचा परिणाम असा झाला, की व्यापाऱ्यास आपली बायको आणता येई, लाँड्रीवाल्यास येत नसे. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतील चिनी लोकांत एका स्त्रीमागे सुमारे सत्तावीस पुरुष होते, हे प्रमाण या संदर्भात पाहावे.

म्हणून चिनी लाँड्रीच्या इतिहासातील दीर्घ कालखंडापुरते 'कौटुंबिक धंदा' या शब्दाचा अर्थ सावधपणे घेणे भाग आहे. दुकानात बाप, चुलता, पुतण्या असे कुळातील पुरुष असत. बायको, आई आणि लहान मुले समुद्रापलीकडे खेड्यात राहत. दोहोंमधील दुवा पत्र आणि पैसा हा होता. चीनमध्ये अशा पत्रास 'यिन-शिन', म्हणजे 'चांदीचे पत्र', असे म्हणत. खुशाली आणि हुंडी या दोन्ही गोष्टी एकाच लिफाफ्यातून जात, म्हणून त्यांना नावही एकच. परदेशस्थ चिनी लोकांच्या अशा पत्रांचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात २०१३ साली समाविष्ट झाला. काइपिंग परगण्यातील 'द्याओलौ' नावाच्या उंच बुरूजवजा इमारती अशाच परदेशच्या पैशांतून उभ्या राहिल्या. त्यांना २००७ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यांतील काही पैसा धुलाईच्या नाण्यानाण्याने जमलेला आहे, ही गोष्ट त्यांचे वैभव पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

परत आलेल्या वा परदेशी असलेल्या अशा माणसास गावात 'गाम सान हाक' म्हणत. 'हाक' म्हणजे पाहुणा. सोन्याच्या डोंगरावर तो पाहुणा होता हे खरेच. परंतु वर्षानुवर्षांनी चारसहा महिन्यांपुरता घरी येणारा हा माणूस स्वतःच्या घरीही पाहुणाच होऊन बसे. पॉल स्यू या समाजशास्त्रज्ञाने या अवस्थेचे शास्त्रीय विवेचन प्रथम केले. तो स्वतः एका लाँड्रीवाल्याचा मुलगा होता. शिकागोमध्ये लाँड्र्यांना सामान पुरविणाऱ्या व्यवसायात काम करीत असताना त्याने या दुकानांतील जीवन जवळून पाहिले, आणि त्यावर लिहिलेल्या प्रबंधास १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठाची पदवी मिळवली. तो प्रबंध ग्रंथरूपाने मात्र १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थलांतर करून नव्या समाजात मिसळणारा एक आणि दोन संस्कृतींच्या सीमेवर घोटाळणारा दुसरा, अशा दोन प्रकारांची चर्चा तत्कालीन समाजशास्त्रात होती. स्यूने त्यांच्या जोडीस तिसरा प्रकार मांडला : काम संपताच परतावयाचे या निश्चयाने राहणारा आणि त्या निश्चयातच आयुष्य संपविणारा. हा निश्चय स्वभावातून आला की बायकोमुलांस आणू न देणाऱ्या कायद्यातून, याविषयी पुढील अभ्यासकांनी स्यूपेक्षा कायद्याकडे अधिक बोट दाखविले आहे.

४. दुकान, तिकीट आणि भाषा

या माणसाचा दिवस कसा जाई हे समजल्याशिवाय त्याच्या भाषेचा विचार करता येणार नाही. दर्शनी भागात गल्ल्याचे मेज, त्यामागे फडताळांवर कागदात बांधलेली परीटघडीची गाठोडी, पलीकडे इस्त्रीचे फळे, मागे चूल आणि तेथेच झोपण्याची जागा, अशी दुकानाची सर्वसाधारण मांडणी असे. कोळशाच्या शेगडीवर तापविलेली इस्त्री सुमारे आठ पौंड वजनाची असे. लाँड्रीवाले आपल्या जिण्यास 'आठ पौंडांची उपजीविका' म्हणत. दिवसाचे बारा ते सोळा तास उभ्याने हे वजन ढकलणाऱ्याने स्वतःच्या धंद्यास दिलेले हे नाव 'चायनीज लाँड्री' या बाहेरच्या नावाशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. एकात वंश सांगितला आहे, दुसऱ्यात वजन.

दुकाने एकमेकांपासून दूर असणे धंद्यास आवश्यक होते. त्यामुळे उपाहारगृहे वा किराणा दुकाने जशी चिनी वस्तीत एकवटली, तशा लाँड्र्या एकवटू शकल्या नाहीत. त्या शहरभर, आणि पुढे लहानलहान गावांतूनही, विखुरल्या. लाँड्रीवाल्याचे गिऱ्हाईक इंग्रजी बोलणारे, तो स्वतः से यापची बोली बोलणारा, आणि त्या बोलीत बोलावयास रविवारी चिनी वस्तीत जाईपर्यंत भागीदाराखेरीज कोणी नाही, अशी त्याची भाषिक स्थिती होती. इंग्रजीशी दररोज संबंध येई, पण तो दर, दिवस आणि डाग यांपुरता. भाषासंपर्क वारंवार होऊनही भाषा का येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

या अडचणीतून निघण्याचे साधन म्हणजे तिकीट. गिऱ्हाइकाचे नाव इंग्रजीत लिहिता येत नसे. म्हणून कागदाच्या दोन भागांवर एकच चिनी खूण करून एक भाग गिऱ्हाइकास द्यावयाचा आणि दुसरा गाठोड्यास लावावयाचा. खूण जुळली की गाठोडे योग्य माणसाच्या हाती पडे. म्हणजे हे तिकीट लेखनाच्या अभावातून नव्हे, तर दोन लेखनपद्धतींच्या भेटीतून निर्माण झाले. वाचता येणारा पक्ष येथे चिनी होता. निरक्षर ठरत होते ते गिऱ्हाईक. अमेरिकन लोकसमजुतीने या परिस्थितीचा नेमका विपर्यास केला. 'नो टिकी, नो वॉशी', म्हणजे तिकीट नाही तर कपडे नाहीत, हे वाक्य चिनी माणसाच्या तोंडी घालून त्याची टवाळी होऊ लागली. पुढे 'अट पुरी केल्यावाचून लाभ नाही' अशा व्यापक अर्थाने ते म्हणीसारखे रूढ झाले.

या वाक्यातील शब्दान्ती येणारा 'ई' लक्षणीय आहे. कँटन बंदरातील व्यापारात अठराव्या शतकापासून जी संकरभाषा तयार झाली, तीत इंग्रजी शब्दांच्या अंत्य व्यंजनास असा स्वर जोडलेला आढळतो. कँटनच्या भाषेत अक्षर स्वरान्त, अनुनासिकान्त किंवा अस्फुट प्, त्, क् यांनी अन्त पावणारे असते, हे त्याचे एक कारण. परंतु बंदरातील व्यापाऱ्यांची ही संकरभाषा आणि खेड्यातून थेट अमेरिकेत येऊन तेथे इंग्रजी शिकलेल्या लाँड्रीवाल्याचे बोलणे ही एक नव्हेत. रंगभूमीवरील प्रहसने, व्यंगचित्रे आणि गाणी यांनी एक ठरीव 'चिनी इंग्रजी' तयार केली आणि ती प्रत्येक चिनी माणसावर लादली. या वाक्यावरून लाँड्रीवाल्याच्या बोलीचे ध्वनिनियम काढू पाहणे म्हणजे प्रहसनातील पात्राच्या बोलण्यावरून एखाद्या प्रदेशाच्या बोलीचे व्याकरण लिहिण्यासारखे होईल.

लाँड्रीवाल्यांच्या स्वतःच्या बोलीत दुकानाचे नाव 'यी गून' असे होते. 'यी' म्हणजे वस्त्र आणि 'गून' म्हणजे घर, शाळा किंवा दुकान या अर्थी येणारे पद. त्यात 'चिनी' हे पद अर्थातच नाही. न्यूयॉर्कच्या लाँड्रीवाल्यांनी १९३३ मध्ये स्वतःची संघटना स्थापिली, तेव्हा तिच्या चिनी नावात हाच 'यी गून' शब्द त्यांनी अभिमानाने घातला. त्या वर्षी नगरसंस्थेपुढे एक प्रस्ताव आला होता : एकट्यादुकट्याच्या लाँड्रीस वर्षास पंचवीस डॉलर परवाना-शुल्क आणि एक हजार डॉलरचे तारण. चिनी वस्तीतील व्यापाऱ्यांचे वर्चस्व असलेल्या जुन्या संस्थेवर विसंबून न राहता लाँड्रीवाले स्वतः एकत्र आले आणि त्यांनी ते शुल्क दहा डॉलरवर व तारण शंभर डॉलरवर आणविले. बाहेरच्यांनी हिणवण्यासाठी वापरलेल्या धंद्याच्या नावास संघटनेचा आधार बनविण्याचे हे उदाहरण भाषेच्या सामाजिक इतिहासात नोंदविण्यासारखे आहे.

५. एका माणसाची तीन नावे

वर उल्लेखिलेल्या 'यिक वो' खटल्यात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. यिक वो हे त्या माणसाचे नाव नव्हते. ते त्याच्या लाँड्रीचे नाव होते. 'यिक' म्हणजे लाभ आणि 'वो' म्हणजे सलोखा, असा त्या पाटीचा शुभसूचक अर्थ. मालकाचे नाव ली यिक असे सांगितले जाते. पाटीवरील नाव हेच माणसाचे नाव, असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले, आणि समतेच्या तत्त्वाचा हा मोठा निवाडा एका दुकानाच्या नावाने इतिहासात गेला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोमधील एका प्राथमिक शाळेसही तेच नाव देण्यात आले.

ही एकट्याची गत नव्हती. लाँड्र्यांच्या नावांत 'ली' (नफा), 'वो' (सलोखा), 'हॉप' (एकत्र येणे), 'वा' (चिनी), 'की' (खूण, दुकानाची निशाणी) अशी पदे वारंवार येतात. 'हॉप ली' म्हणजे एकत्रित नफा, हे भागीदारीच्या दुकानास साजेसे नाव. गिऱ्हाइके मात्र मालकास 'मिस्टर ली' म्हणून हाक मारीत, जणू ते त्याचे आडनावच. चिनी भाषेत एकाच उच्चाराची अनेक निरनिराळी अक्षरे असतात. 'ली' हे खरोखरीचे आडनावही आहे, पण त्याचे अक्षर आणि अर्थ वेगळा. रोमन लिपीत ही दोन्ही 'ली' एकसारखी दिसतात, आणि गोंधळास तेवढे पुरते. दुकान दुसऱ्यास विकले तरी पाटी बहुधा तीच राही. म्हणजे गिऱ्हाइकांच्या लेखी 'मिस्टर ली' हा चेहरा बदलला तरी अमर.

दुसरे नाव सरकारी कागदावरचे. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोमधील जन्मनोंदी नष्ट झाल्या. तेव्हापासून अनेकांनी आपण अमेरिकेत जन्मलो असे सांगून नागरिकत्व सिद्ध केले, आणि चीनमध्ये आपल्याला इतके मुलगे झाले अशी नोंद करून ठेवली. ती नोंद, म्हणजे त्या न जन्मलेल्या मुलाची जागा, दुसऱ्या एखाद्या तरुणास विकली जाई. अशा तरुणास 'कागदी पुत्र' म्हणत. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या एंजल बेटावर अधिकारी त्याची कसून तपासणी करीत. गावात घरे किती, दारे कोणत्या दिशेस, आजीचे नाव काय, अशा प्रश्नांची उत्तरे पाठ करून तो येई. एकदा प्रवेश मिळाला, की ते खोटे आडनाव जन्मभर त्याच्या मागे राही. मुलांनाही तेच लागे. खरे आडनाव घराबाहेर उच्चारावयाचे नसे. १९५६ पासून सरकारने अशा लोकांस कबुलीजबाब देऊन नोंदी दुरुस्त करण्याची वाट दिली. पण एकाच्या कबुलीने दहा नातलग संकटात येत असल्यामुळे पुष्कळांनी मौनच पत्करले.

तिसरे नाव घरचे : कुळाचे आडनाव आणि आईबापांनी ठेवलेले नाव. ते चांदीच्या पत्रांवर आणि कुलसभांच्या वहीत असे. अमेरिकेतील चिनी दफनभूमींत काही शिळांवर इंग्रजीत एक आडनाव आणि चिनी अक्षरांत दुसरेच आढळते, त्याचे रहस्य यात आहे. सरकारास ठाऊक असलेला माणूस आणि पूर्वजांस ठाऊक असलेला माणूस एकाच दगडाखाली झोपलेले असतात. संशोधकास यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. परवान्यांच्या नोंदी, न्यायालयाचे कागद आणि प्रवेशाची दप्तरे ही तिन्ही एका माणसाविषयी बोलत असूनही निरनिराळ्या तीन माणसांविषयी बोलत आहेत असे वाटू शकते. आणि एकच पाटी असल्यामुळे अनेक माणसे एकच वाटू शकतात.

६. कुटुंबाचे आगमन आणि धंद्याचा अस्त

काही लाँड्रीवाल्यांनी किराणा दुकानात भागीदारी दाखवून व्यापाऱ्याचा दर्जा मिळविला आणि बायकोस आणले. काहींनी नागरिकत्वाच्या, खऱ्या वा कागदी, आधाराने ते साधले. १९४३ मध्ये १८८२ चा कायदा रद्द झाला. मात्र चिनी लोकांसाठी वर्षाला केवळ १०५ जागा ठेवण्यात आल्या. महायुद्धानंतरच्या कायद्यांनी सैनिकांच्या बायकांस येता आले. खऱ्या अर्थाने 'कुटुंबाची लाँड्री' म्हणता येईल अशी दुकाने मुख्यतः विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत दिसतात. दुकानामागे संसार आला. मुले शाळेतून येऊन कपडे निवडू, घड्या घालू आणि तिकिटे जुळवू लागली. वीजमंडळाचे पत्र वाचून दाखवणे, गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा अर्थ सांगणे ही कामेही त्यांच्याकडे आली. आईबापांच्या बोलीत घर आणि काम, इंग्रजीत बाकी सारे जग, अशी विभागणी झाल्यावर पुढच्या पिढीत ती बोली मागे पडणे अपरिहार्य होते.

या मुलांनी पुढे आपला इतिहास लिहिला. मॅक्सीन हाँग किंग्स्टन या लेखिकेचे वडील चीनमध्ये शिक्षक होते. अमेरिकेत त्यांनी लाँड्री चालविली. 'चायना मेन' (१९८०) या तिच्या पुस्तकात ते जीवन आले आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन जंग यांचे बालपण जॉर्जिया राज्यातील मेकन या शहरी, तेथील एकमेव चिनी कुटुंबात, लाँड्रीच्या मागच्या खोल्यांत गेले. प्रथम त्या कुटुंबाचा आणि नंतर, २००७ साली, एकंदर चिनी लाँड्र्यांचा इतिहास त्यांनी ग्रंथबद्ध केला. चित्रपट-अभिनेत्री ॲना मे वाँग हीदेखील लॉस एंजलिसमधील लाँड्रीवाल्याची मुलगी. धंद्याची छाया मात्र लाँड्रीबाहेरील चिनी माणसासही चुकत नसे. १९२२ ते १९२५ या काळात अमेरिकेत शिकणारे चिनी कवी वन यीद्वो यांनी 'धुण्याचे गाणे' लिहिले. तुझा बाप लाँड्रीवाला आहे काय, हा प्रश्न चिनी विद्यार्थ्यांस तेथे वारंवार विचारला जाई, आणि त्यातूनच त्या कवितेची प्रेरणा आली.

१९५० नंतर घरोघरी धुण्याची यंत्रे आली, नाणे टाकून चालविण्याच्या यंत्रांची दुकाने निघाली आणि इस्त्री न लागणारे कापड बाजारात आले. आठ पौंडांच्या इस्त्रीस मग काम उरले नाही. परंतु धंदा संपण्याचे हे एकमेव कारण नव्हे. दुकान चालविणाऱ्यास वारस हवा असतो, आणि येथे वारस असूनही तो कोणास नको होता. लाँड्रीवाल्यांनी राबून मुलांना शिकविले ते बहुतांशी याच हेतूने, की त्यांना इस्त्री धरावी लागू नये. १९६५ च्या कायद्याने स्थलांतराचे नियम बदलले आणि नवी चिनी माणसे मोठ्या संख्येने आली, तेव्हा त्यांनीही इतर धंद्यांचा रस्ता धरला.

पिढीजात धंदा आणि परिस्थितीने लादलेला धंदा यांतील भेद ओळखण्याची एक खूण या इतिहासात सापडते. आईबाप मुलांस कोणता वारसा देऊ इच्छितात, हे पाहावे. चिनी समाजाचा स्वभावधर्म म्हणून जो धंदा शंभर वर्षे वर्णिला गेला, तो दुसरे दरवाजे उघडताच एका पिढीत सुटला. 'चायनीज लाँड्री' या जोडशब्दाने वंश आणि काम यांचे नाते सांगितले. खाणीवरील कर, परवान्याचे नियम, 'मजूर' या शब्दाची कायदेशीर व्याख्या आणि बायकोमुलांस बंद असलेले बंदर या गोष्टी मात्र त्यात कोठेच उमटल्या नाहीत. समाज आणि धंदा यांना एकत्र बांधणारे असे शब्द आपल्याही भाषेत आहेत. त्यांचा अभ्यास करताना केवळ व्युत्पत्ती देऊन थांबू नये. ती गाठ कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमांनी मारली, याचाही शोध घ्यावा.